राखलेला अर्धा

सेलूकडे जाणारी माणसे आमच्या देवगाव फाट्यावर उतरतात, चहा पितात, चार गोष्टी बोलून आपल्या वाटेला लागतात. उन्हाळ्यात या गोष्टींचा विषय बहुधा एकच असतो : कुणाच्या रानात बोअर किती फूट गेला, आणि पाणी लागले की नुसता फुफाटा उडाला.

मी मॅट्रिकपुरता शिकलेला मास्तर. वाचलेले मुलांना सांगावे, एवढाच माझा व्यासंग. एकदा वर्गात मी एका जहाजाची गोष्ट सांगितली. त्याचे नाव 'जॉइडीस रेझोल्यूशन'. 1978 मध्ये तेल शोधण्यासाठी बांधलेले हे जहाज पुढे शास्त्रज्ञांच्या हाती आले. 2015 च्या एप्रिल-मे महिन्यांत ते आपल्या अरबी समुद्रात, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, लक्ष्मी खोऱ्यावर उभे होते. गोव्यातील राष्ट्रीय संशोधन केंद्राचे धनंजय पांडे आणि अमेरिकेतून आलेले पीटर क्लिफ्ट हे मोहिमेचे दोन प्रमुख होते. खाली साडेतीन हजार मीटरांहून अधिक पाणी. तिथे नांगराचे काम नव्हे. बारा यंत्रपंखे जहाजाला सतत रेटीत भोकाच्या नेमके वर धरून ठेवीत. नळाला नळ जोडून तळ गाठायचा आणि तळाच्याही खाली अकराशे मीटर जायचे. काम अहोरात्र. एक पाळी दुपारी बारापासून मध्यरात्रीपर्यंत, दुसरी मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत. दोन महिने दृष्टीला जमीन नाही. गाळाने भरलेली साडेनऊ मीटर लांबीची नळी वर आली की पुकारा होई आणि सारे तिच्याकडे धावत.

मागच्या बाकावरच्या पोराने विचारले, "गुरुजी, मग पाणी लागलं का?"

वर्ग हसला, मीही हसलो. पाणी तर वरच होते. त्यांना हवा होता गाळ. हिमालयाची झीज सिंधू नदी समुद्रात आणून टाकते. तिचे लाखो वर्षांचे थर वाचले की कोणत्या काळी पाऊसमान कसे होते याचा माग लागतो. एका भोकात तर गाळ संपून खाली काळा पाषाण लागला, आमच्या बोअरला लागतो त्याच जातीचा.

पण वाचकहो, माझ्या मनात घर करून राहिली ती निराळीच गोष्ट. वर आलेल्या नळीचे दीड-दीड मीटरचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा उभा चिरतात. एक अर्धा भाग अभ्यासासाठी. त्यातून हवे तसे नमुने काढतात. दुसऱ्या अर्ध्याचे छायाचित्र घेतात, वर्णन लिहितात आणि तो जपून ठेवतात. अरबी समुद्रातला हा गाळ जपानच्या कोची प्रांतातील थंड कोठारात ठेवला जातो. कशासाठी? उद्या जन्माला येणाऱ्या कुणाला, आज सुचलेलाच नाही असा प्रश्न त्याला विचारता यावा म्हणून.

हे वाचले आणि मला माझे 2015 साल आठवले. त्या वर्षी मराठवाड्यात पावसाने दडी मारली. मी कर्ज काढून रानात बोअर पाडला. चारशे फुटांवर पाणी लागले. मी पेढे वाटले. महिन्याभरात शेजारच्या काकूंची विहीर आटली. माझ्यामुळे की दुष्काळामुळे, हे कोण सांगणार? काकू एवढेच म्हणाल्या, "गुरुजी, पाणी तुमच्या नशिबात व्हतं." त्या वाक्यात राग असता तर मला बरे वाटले असते.

कुणी म्हणेल, अर्धे राखणे ही भरल्या पोटाची चैन आहे. तहानेल्याने काय राखावे? हा आक्षेप मला खोटा वाटत नाही. पण वडील सांगत की, 1972 च्या दुष्काळात घरात चूल पेटायची पंचाईत असताना आजीने आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना हात लावू दिला नाही. म्हणजे राखणे श्रीमंतीवर अवलंबून नसते. फरक असलाच तर हा, की आजीने आपल्या लेकरांसाठी राखले आणि जहाजावरच्यांनी अनोळख्यासाठी. मी मात्र ना अनोळख्यासाठी राखले, ना बांधापलीकडच्या माणसासाठी. शास्त्रज्ञांना न जन्मलेला माणूस दिसला. मला काकूंची विहीर दिसली नाही.

2024 मध्ये त्या जहाजाच्या संशोधन मोहिमा संपल्या. राखलेला अर्धा मात्र कोठारात कुणाची तरी वाट पाहत पडून आहे.

यंदा मी बांधावरून काकूंच्या हौदापर्यंत पाइप टाकला. हे काही प्रायश्चित्त नव्हे; पाणी दोघांचे होते, एवढीच उशिरा दिलेली कबुली. काकूंकडून दर दिवाळीला करंज्यांचे ताट येते, दुष्काळातही आले होते. शेजारचे ताट रिकामे परत करू नये ही आपली रीत. ती आमच्या घराने कधी मोडली नाही. भुईने पुढे केलेले ताट मात्र आपण चाटूनपुसून रिकामे परत करतो, आणि पुन्हा वाढ म्हणून तिच्याच दारात उभे राहतो.