प्रतिग्रहाची मर्यादा

दान स्वीकारण्याला धर्मशास्त्रात प्रतिग्रह म्हणतात, आणि घेण्याची मर्यादा घेणाऱ्याच्या गरजेवरून ठरावी की देणाऱ्याच्या कुवतीवरून, हा त्यासंबंधीचा मूलभूत प्रश्न सौर पॅनेलवर लिथियम-आयन बॅटरी चार्ज करताना उघडपणे समोर येतो.

बॅटरीतील सर्वसाधारण सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरला की थांबावे लागते, कारण त्यापुढे रेटल्यास आतील रसायन बिघडते आणि सेल पेटूही शकतो. ही मर्यादा मिताहाराच्या जातीची, घेणाऱ्याच्या पोटाशी निगडित आहे. पॅनेलची मर्यादा निराळी. बारा व्होल्टचे म्हणून विकले जाणारे पॅनेल भर उन्हात १७-१८ व्होल्टच्या आसपास सर्वाधिक शक्ती देते. ढग आला की त्याची विद्युतधारा देण्याची कुवत क्षणात घटते, आणि चार्जर तरीही पूर्वीइतकीच धारा ओढत राहिला तर व्होल्टेज कोसळून चार्जिंगच खंडित होते. सेल अर्धा रिकामा असतो, त्याची मागणी रास्त असते, तरीही ती मागणीच पुरवठा बुडवते. गरजेपुरतेच घ्यावे, हा अपरिग्रहाचा रूढ अर्थ येथे अपुरा पडतो.

माधुकरीच्या आचारात ही उणीव भरून काढलेली दिसते. जैनांच्या दशवैकालिक सूत्राच्या आरंभीच भिक्षूला फुलाला न दुखावता रस घेणाऱ्या भुंग्याची उपमा दिली आहे. दारोदार थोडे थोडे मागण्यात स्वतःच्या भुकेइतकाच त्या घरच्या चुलीचाही विचार असतो. एमपीपीटी नियंत्रक, म्हणजे पॅनेलचा कमाल शक्तीचा बिंदू शोधणारे उपकरण, असेच काही करतो: मागणी किंचित वाढवतो, शक्ती घटल्यास मागे सरतो आणि लगेच पुन्हा चाचपतो.

मात्र हे साम्य फार ताणता येत नाही. नियंत्रक देणाऱ्याचा अंदाज घेतो तो जास्तीत जास्त मिळावे म्हणून, आणि त्यासाठी त्याला शिखर वारंवार ओलांडून पाहावे लागते; भिक्षू त्या शिखराच्या जवळपासही जात नाही. ऋणकोची कुवत तर धूर्त सावकारही बारकाईने जोखतो. देणाऱ्याकडे लक्ष असणे आणि त्याच्याविषयी करुणा असणे या दोन गोष्टी म्हणूनच वेगळ्या मानाव्या लागतात, आणि दुसरी यंत्राच्या रचनेतून आपोआप निपजत नाही. एकाच पॅनेलवर बॅटरी आणि घरातला एक दिवा चालत असेल, तर दिवा मंदावू नये म्हणून चार्जिंगची धारा शिखराच्या बरीच खाली बांधून ठेवायची की नाही, हे चार्जर बसवणारा माणूसच ठरवतो.