नंदिवर्धन व नो-आमोन

नागपुराच्या उत्तरेस, रामटेकाजवळ नगरधन गाव आहे. सुमारे सोळाशे वर्षांपूर्वी तेथे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन होती. अज्ञान पुत्राच्या वतीने राज्य करणाऱ्या विधवा राणी प्रभावतीगुप्ता हिने तेथून ग्रामदानाचा ताम्रपट दिला. राजवाडा मातीस मिळाला. दानाचा लेख मात्र राहिला.

मिसर देशाची पुरातन राजधानी नो-आमोन नाईल नदीच्या भरवशावर निर्धास्त होती. इ. स. पू. ६६३ मध्ये अश्शूरांनी ती लुटली. नहूम संदेष्ट्याने हाच दाखला देऊन अश्शूरांच्या निनवेस सावध केले, इ. स. पू. ६१२ मध्ये निनवेही पडली.

यास्तव झोपडीची लाज धरू नका, पक्क्या घराचा गर्वही करू नका. आज तुमच्या दारी कोणी विधवा वा भुकेला आला, तर त्यास काय द्याल? प्रभूच्या नावाने दिलेले तेवढेच टिकेल.