पट्टी वाचायला कुणी हात धरले होते?

‘मला कसं कळणार, सर?’ हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. रसायनशास्त्राची पदवी घेतलीस ना? बिस्किटाच्या पुड्यावर हिरवा ठिपका शोधतेस. पाम तेल दिसलं की नाक मुरडून पुडा परत ठेवतेस. आणि आत्ताआत्तापर्यंत रोज पोटात जाणारी रक्तदाबाची गोळी? तिच्यात काय काय आहे विचारलं, की खांदे उडवतेस. ती ॲसिडिटीची कॅप्सूल चतुर्थीलाही साबुदाण्याआधी गिळतेस. तिचं कवच बहुधा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडाकातड्याचं. तेव्हा कुठे जातो तुझा हिरवा ठिपका?

अंगावर गांधी उठल्या आणि तू लगेच निकाल दिलास: ‘मला हे औषध सोसत नाही.’ कशावरून? केमिस्टने या वेळी रक्तदाबाच्या गोळीची दुसऱ्या कंपनीची पट्टी दिली होती. तू विचारलंस, ‘तीच ना?’ तो म्हणाला, ‘तीच.’ झालं समाधान! औषध तेच असतं गं, भरण आणि रंग वेगळे असू शकतात. टारट्राझिनसारख्या पिवळ्या रंगानेही एखाद्याला पित्त उठतं. दोष औषधाचा की रंगाचा, हे न शोधताच कामाच्या औषधावर कायमची फुली? वर गोळी बंद केलीस आणि आठवडा झाला तरी डॉक्टरांना कळवलं नाहीस. तोवर रक्तदाब काय रजेवर गेलाय?

थायरॉइडच्या ५० मायक्रोग्रॅमच्या गोळीचं उदाहरण घे. औषध किती? मिलिग्रॅमचा विसावा भाग. उरलेली अख्खी गोळी कशाची, हा प्रश्न तुला कधी पडलाच नाही.

‘पट्टीवर लिहिलेलंच नसतं.’ अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्याआड लपण्यात तू पटाईत. ‘एक्सिपिएंट्स क्यू. एस.’, म्हणजे ‘बाकीचे घटक, लागतील तेवढे’, एवढंच छापून कंपन्या हात झटकतात, त्यांची वकिली मी करत नाही. पण रंगाचं नाव बहुतेकदा तिथेच असतं. ते वाचलंस? वाचणार कशी! चार गोळ्या कापून आणतेस, मजकूर राहतो दुकानात. अख्खी पट्टी घे. खोक्यातलं माहितीपत्रक माग. नसेल तर कंपनीला लिही, बॅच नंबर टाकून सरळ विचार: लॅक्टोज आहे का, रंग कोणता, जिलेटिन कशाचं? आणि नेटवर अमेरिकेतल्या गोळीची यादी मिळाली म्हणून हुरळू नकोस. इथल्या कंपनीची कृती निराळी असू शकते.

वेळ नाही म्हणतेस? साडीचा रंग बदलून मागायला त्या दुकानदाराला किती फोन केलेस, ते मला ठाऊक आहे.

आता आधी डॉक्टरांना फोन लाव. गोळी बंद केल्याचं सांग, लपवू नकोस. जुनी आणि नवी, दोन्ही पट्ट्या घेऊन जा. जुनी फेकलीस? मग केमिस्टकडून बिल काढून आण, कंपनीचं नाव कळेल. आणि पुन्हा कधी ओठ सुजले, श्वास अडकला, तर मला विचारत बसू नकोस, थेट इस्पितळ गाठ. ऊठ, फोन कुठे ठेवलायस?