औषधाचें भय सांगावें काय?

संधिवातानें ज्यांचीं बोटें आंखडलीं, अशा रोग्यांस सन १९७० नंतरच्या दशकांत पेनिसिलामाइन हें औषध पुष्कळ देत असत. आतां मेथोट्रेक्सेटनें त्याची जागा घेतली आहे. त्यानें अनेकांच्या सांध्यांची सूज उतरली, हें खरें. परंतु थोडक्यांस कांहीं महिन्यांनीं अंगावर, कधीं तोंडांतही, फोड येऊं लागले. ह्या रोगास पेम्फिगस म्हणतात. शरीराची रक्षण करणारी शक्तीच त्वचेच्या पेशींस जोडणाऱ्या बंधनांवर उठते, आणि वरची कातडी सुटूं लागते.

प्रश्न असा कीं, वेदनेनें ज्यास झोंप नाहीं, त्यास वैद्यानें हें आधींच सांगावें काय? कित्येक म्हणतात, सांगूं नये. भ्यालेला मनुष्य गोळी घेणार नाहीं, व त्याचे सांधे कायमचे वांकडे होतील. ह्या म्हणण्यांत दया आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. तथापि ती दया दुसऱ्याच्या देहाची मुखत्यारी आपणांकडे घेते. शिवाय औषध थांबविल्यानें हे फोड पुष्कळदां बरे होतात, सर्वदा मात्र नाहीं. म्हणून पहिला फोड ओळखण्यांतच रोग्याचें हित आहे. आणि तो वैद्यास कोठून दिसणार? तो घरच्यांस दिसतो. त्यांस कांहीं ठाऊक नसलें, तर तीं बिचारीं उष्णता समजून लेप लावीत बसतात, व गोळी चालूच राहते.

कागदावर लिहून दिलें म्हणजे झालें, असेंही नव्हे. ज्यास अक्षर येत नाहीं त्यास हें तोंडीं, त्याच्या भाषेंत, घरच्यांसमक्ष सांगितलें पाहिजे.