डोळे घरी ठेवून गेलास

बस खाली. चॉकलेटचा डबा राहू दे टेबलावर, आधी ऐकून घे. अर्धा तास झाला, तू मला मोबाइल दाखवतो आहेस. आठ दिवस, पाच शहरं, अकराशे फोटो. ॲमस्टरडॅमला दीड दिवस होतास. तिथे काय पाहिलंस विचारलं, तर म्हणतोस, "सर, सगळं कव्हर केलं." अरे पोट्ट्या, तो काय परीक्षेचा पोर्शन होता?

रेम्ब्रांटच्या 'नाइट वॉच'समोर तुझा फोटो आहे. 1642 सालचं चित्र. अंधारातून माणसं उजेडात कशी आणावीत, हे शिकायचं तर त्याच्यापाशी. आणि तू त्याच्याकडे पाठ करून हसतो आहेस. वर्गात फळ्याकडे पाठ करून बसला असतास, तर मी काय केलं असतं ते तुला माहीत आहे.

त्याच संग्रहालयात व्हर्मीरची दूध ओतणारी बाई आहे. चित्र जेमतेम दीड फुटाचं. ते तुला आठवतही नाही. तेवीस वर्षं मी ते चित्र एका छापील पानावरून तुम्हा पोरांना दाखवत आलो. बाईच्या मागे पांढरी भिंत आहे, भिंतीत वरच्या अंगाला एक खिळा आहे, आणि त्या खिळ्याची बारीकशी सावली पडली आहे. पानावर तो खिळा मला भिंग लावून शोधावा लागला. तुला तो दोन पावलांवर होता, आणि तू पुढच्या दालनात पळालास. मला राग आला आहे. तो मी लपवणार नाही.

शहर तरी पाहिलंस? कालव्यावर बोटीत बसलास आणि कानात गाणी घातलीस. तिथल्या जुन्या घरांच्या माथ्याशी आकडा असतो. जिने इतके अरुंद की सामान दोरानं बाहेरून वर ओढावं लागतं. तुझ्या फोटोत तो आकडा आलाय. तुला दिसला नाही.

व्हॅन गॉगच्या संग्रहालयातून सूर्यफुलांचा मग आणलास. 'बटाटे खाणारे' पाहिलंस का, तर "असेल सर, गर्दी फार होती." नीट ऐक. 1885 सालचं चित्र आहे ते. टांगलेल्या दिव्याखाली पाच माणसं, मधे उकडलेले बटाटे, एक बाई कॉफी ओतते आहे. रंग सगळे मातीचे. त्याआधी त्याने गावातल्या शेतकऱ्यांचे चेहरे काढले, हात काढले, पुन्हा पुन्हा काढले. ज्या हातांनी जमीन उकरली तेच हात ताटात जाताहेत, हे दाखवायचं होतं त्याला. भावाला पत्रात तसं लिहिलंही. त्या गाठाळ बोटांपुढे जगभरचे लोक उभे राहतात. तुला तर ती बोटं पाठ असायला हवी होती. देवळीकडच्या वावरात तुझी माय कापूस वेचते ना? वेचणीच्या दिवसांत बोंडांच्या टोकांनी तिची बोटं सोलून निघतात, आणि रात्री भाकरीवरचं तिखट त्यांना झोंबतं. त्या दालनात त्या चित्राचा तुझ्याइतका जवळचा माणूस दुसरा नसेल. आणि तू मगाच्या दुकानात उभा होतास!

पैसे उधळलेस म्हणून मी बोलत नाही. परदेशी जाऊ नये असंही माझं म्हणणं नाही. जा, दहादा जा. पण ही खोड तिथे लागलेली नाही, ती इथूनच गेली तुझ्याबरोबर. आठवीत तुम्हाला पवनारला नेलं होतं. वाकाटकांच्या काळातली, दीड हजार वर्षांपूर्वीची शिल्पं आहेत तिथे. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना विनोबांनी राम-भरताच्या भेटीचं चित्र शब्दांत उभं केलं होतं. पुढे पवनारला जमीन खणताना तीच भेट दगडात हाती लागली. ती मूर्ती तिथल्या विनोबांच्या आश्रमातच आहे. तू त्या दिवशी धाम नदीच्या काठी चिवडा खात बसला होतास. तेव्हाच कान धरायला हवा होता. ती चूक माझी.

सेवाग्रामला बापूकुटीच्या भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडं आहेत. मीराबेननी केलेली. इंग्रज नौदल अधिकाऱ्याची लेक, इथे येऊन आपल्या मातीत हात घालते, आपला ताड बघते, भिंतीवर उतरवते. पाहुणं म्हणून येणं याला म्हणतात.

आता सांगतो ते कर. पुढचं तिकीट काढशील तेव्हा एकाच शहराचं काढ. एका दिवशी एकच संग्रहालय, त्यात तीनच चित्रं, आणि प्रत्येकापुढे निदान वीस मिनिटं. शहर पायी फिर. त्याआधी या रविवारी सकाळी सात वाजता पवनारच्या पुलाजवळ ये. कोरी वही, 2बी पेन्सिल. मोबाइल घरी. राम-भरताचे फक्त हात काढायचे आहेत, कोणाचा कुठला ते ओळखून. मी येऊन थांबतो. उशीर करू नकोस.