वेगाचे श्रेय कोणाचे?

एखादा तरुण कोणत्याही क्षेत्रात एकाएकी पुढे आला म्हणजे लोकांच्या मुखातून दोनच उद्गार निघतात. कोणी म्हणतो, "देवाने देणगी दिली, दुसरे काय!" आणि कोणी म्हणतो, "मनात आणले तर माणूस काय करू शकत नाही!" पहिल्या उद्गारात सारे श्रेय दैवाकडे जाते, दुसऱ्यात सारे श्रेय प्रयत्नाकडे. दोन्ही उद्गार आपण सहज बोलून जातो. परंतु त्यांचे परिणाम सहज नाहीत. सारेच दैव मानले, तर आळसाला आधार सापडतो. सारेच प्रयत्न मानले, तर जिंकणाऱ्याला गर्व होतो आणि हरणाऱ्याला 'तुझेच चुकले' असे सुनावण्याचा अधिकार आपण बळकावतो. घरोघरी वाढणाऱ्या मुलांशी आपण कसे वागतो, हे शेवटी या प्रश्नाच्या उत्तरावरच अवलंबून असते. म्हणून तो नीट तपासून पाहणे हिताचे आहे.

अलीकडे ऑस्ट्रेलियातील एका शाळकरी मुलाच्या वेगाने साऱ्या जगाचे लक्ष वेधून घेतले. गाउट गाउट हे त्याचे नाव. त्याचे आईवडील मूळचे दक्षिण सुदानचे. मायदेश सोडून ते ऑस्ट्रेलियात येऊन स्थिरावले आणि २९ डिसेंबर २००७ रोजी या मुलाचा तेथे जन्म झाला. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिस्बेन येथील शालेय स्पर्धेत, वयाची सतरा वर्षे पुरी होण्यापूर्वीच, त्याने दोनशे मीटर अंतर २०.०४ सेकंदांत कापले आणि पीटर नॉर्मन यांचा १९६८ पासून अबाधित राहिलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढच्याच वर्षी त्याने ती वेळ २०.०२ सेकंदांवर आणली. मात्र २०२५ च्या टोकियो येथील जागतिक स्पर्धेत त्याची धाव उपांत्य फेरीतच थांबली. छप्पन्न वर्षांचा विक्रम मोडणारा मुलगा आणि अंतिम फेरीबाहेर राहिलेला मुलगा एकच होता. त्याचे पायही तेच होते.

इतक्या दूरचे उदाहरण कशाला, असे कोणी म्हणेल. म्हणून आपल्या मराठी मुलखाकडे वळू. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे पाण्यासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणारे गाव. श्री. अविनाश साबळे यांचा जन्म तेथे १९९४ साली, कष्टकरी कुटुंबात झाला. शाळा सहा किलोमीटर दूर आणि वाहनाची सोय नाही. म्हणून हा मुलगा ते अंतर कधी चालत, कधी धावत काटत असे. बारावीनंतर तो सैन्यात महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला. सियाचीनची थंडी आणि राजस्थानचे ऊन त्याने सोसले. शर्यतीच्या मैदानाकडे त्याचे पाऊल वळले ते त्यानंतर, २०१५ च्या सुमारास. पुढे सैन्यातील प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्याला स्टीपलचेस, म्हणजे तीन हजार मीटरची अडथळ्यांची शर्यत, धावण्यास सुचविले.

या शर्यतीचे स्वरूप जाणून घेण्याजोगे आहे. धावपटूला अठ्ठावीस अडथळे आणि सात पाणउड्या ओलांडाव्या लागतात. पुरुषांच्या शर्यतीतील अडथळा सुमारे तीन फूट उंच आणि चांगला भरभक्कम असतो. साध्या अडथळ्यांच्या शर्यतीत पायाचा धक्का लागला तर अडथळा पडतो; येथे अडथळा जागचा हलत नाही, धावणाराच पडतो. पाणउडीच्या पलीकडे ओल्या बुटांनी पुन्हा वेग घ्यावा लागतो, आणि हे सात वेळा.

या शर्यतीतील श्री. गोपाल सैनी यांचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून टिकून होता. साबळे यांनी २०१८ साली भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांत शर्यत पुरी करून तो मोडला. नंतर ते आपलाच विक्रम पुनःपुन्हा मोडीत गेले, आणि २०२४ च्या जुलैमध्ये पॅरिस येथे त्यांची वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंद झाली. सहा वर्षांच्या साधनेचे फळ मोजू गेल्यास ते वीस सेकंदही भरत नाही. आपण दाराशी चपला शोधण्यात याहून अधिक वेळ घालवितो!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. हे श्रेय कोणाचे? श्रीमद्भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माच्या सिद्धीसाठी पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. पाच कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो, त्याची दृष्टी अपुरी आहे, असाही तेथे निर्वाळा आहे. हा विचार पारायणापुरता नसून तो व्यवहाराला लावून पाहता येतो. मांडव्याच्या या धावपटूला तो लावून पाहू.

अधिष्ठान म्हणजे ज्याच्या आधारावर कर्म उभे राहते ते. येथे ते म्हणजे साबळे यांचे शरीर, आणि ते शरीर ज्या मातीत घडले ती माती. करण म्हणजे साधने: बूट, धावपट्टी, सकस आहार, वेळ मोजणारे घड्याळ आणि चूक दाखविणारा गुरू. चेष्टा म्हणजे रोजचा सराव. आज केलेला आणि उद्या पुन्हा करावयाचा. कर्ता ते स्वतः. आणि दैव?

दैवाचा हात पाहावयाचा असेल तर दोन प्रसंग पुरेसे आहेत. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेत प्राथमिक फेरीत इतर धावपटूंच्या पडण्यामुळे साबळे यांची वाट अडली. भारतीय पथकाने दाद मागितली, ती मान्य झाली आणि त्यांना अंतिम फेरीत स्थान मिळाले. दोन वर्षांनी, २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, त्यांनी ८ मिनिटे १८.१२ सेकंद असा नवा राष्ट्रीय विक्रम केला. पण त्यांचा गट इतका वेगवान होता की त्यांना सातवा क्रमांक मिळाला आणि अंतिम फेरी हुकली. त्यांच्याहून अधिक वेळ घेणारे धावपटू दुसऱ्या गटातून पुढे गेले! एकदा अडखळूनही दार उघडले, आणि एकदा आयुष्यातील सर्वोत्तम धाव धावूनही ते मिटले. ज्याने हे पाहिले, तो 'सारे प्रयत्नावरच आहे' असे छातीठोकपणे कसे म्हणेल?

येथे एक रास्त आक्षेप निघतो. श्रेयाचे असे पाच वाटे केले, तर कष्ट करणाऱ्याच्या पदरात काय उरले? मग तरुणांनी घाम तरी का गाळावा? याचे उत्तर मांडव्याच्या वाटेवरच सापडते. त्या वाटेने शाळेला जाणारा मुलगा काही एकच नव्हता. दुष्काळ आणि दारिद्र्य तर साऱ्या पंचक्रोशीचे. सैन्यात भरती होणारेही पुष्कळ. परंतु दिवसभराचे काम आटोपल्यावर थकलेल्या पायांना पुन्हा मैदानाकडे वळविण्याचा निश्चय मात्र ज्याचा त्यालाच करावा लागतो, आणि तो एकदा करून भागत नाही. रोज नव्याने करावा लागतो. कर्ता हा पाचांपैकी एक असला, तरी तो हलल्यावाचून उरलेली चार कारणे निपचित पडून राहतात. एवढे श्रेय कोणत्याही माणसाला पुरेसे आहे. त्याहून अधिक मागणे हा गर्व, आणि त्याहून कमी देणे हा अन्याय.

दुसरी एक चूक आपण भाविकपणे करतो. "गरिबीनेच त्याला घडविले," असे म्हणून आपण डोळे पुसतो. गरिबीने मुले घडत असती, तर आपल्या देशात पदकांचा ढीग पडला असता! सहा किलोमीटरच्या पायपिटीने एकाचे पाय बळकट झाले. पण त्याच पायपिटीने किती मुलांची शाळा सुटली, याची गणती कोणी ठेवीत नाही. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरच्या श्रीमती कविता राऊत यांनी २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. त्या स्पर्धांत धावण्याच्या शर्यतीत वैयक्तिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री. त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदकही पटकाविले. तिच्या पायांत बळ होतेच. परंतु प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्यासारखा गुरू नाशिकमध्ये भेटला नसता, तर ते बळ डोंगरवाटांवरच विरून गेले असते. ऑस्ट्रेलियातील त्या मुलाचे गुणही प्रथम त्याच्या शाळेतील प्रशिक्षिका डाय शेपर्ड यांनीच हेरले. ओळखणारा डोळा नसेल, तर देणगी असून नसल्यासारखीच.

आपण बऱ्हाणपूरकरांना हे समजावयास कठीण जाऊ नये. मोगल अमदानीत आपल्या शहरासाठी बांधलेला कुंडी भंडारा आपल्याला परिचित आहे. सातपुड्याच्या पोटात झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यांतून शहरापर्यंत आणण्याची ती योजना. घागर भरणाऱ्याला दिसते ती पाण्याची धार. डोंगर दिसत नाही, बोगदा खणणारे हात दिसत नाहीत. विजयी धावपटूच्या बाबतीतही आपण घागर तेवढी पाहतो.

आता पराभवाची गोष्ट. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत साबळे यांना रौप्यपदक मिळाले. १९९८ ते २०१८ या काळातील सहाही राष्ट्रकुल स्पर्धांत या शर्यतीची तिन्ही पदके केनियाच्या धावपटूंनीच नेली होती. ती परंपरा या मराठी तरुणाने मोडली. सुवर्णपदक हुकले ते सेकंदाच्या शंभर भागांपैकी केवळ पाच भागांनी. पुढील वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये या शर्यतीची अंतिम फेरी गाठणारे ते पहिले भारतीय पुरुष ठरले आणि तेथे अकरावे आले. त्यांच्याआधी माण तालुक्यातील मोही गावच्या श्रीमती ललिता बाबर २०१६ साली रिओ येथे याच शर्यतीच्या अंतिम फेरीत दहाव्या आल्या होत्या. पुढे २०२५ च्या जुलैमध्ये मोनॅको येथील शर्यतीत साबळे यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली.

सुवर्णपदकाच्या दिवशी 'आमचा अविनाश' म्हणणारे आपण अकराव्या क्रमांकाच्या दिवशी काय म्हणालो? आणि दुखापतीच्या दिवशी किती जणांना त्याची आठवण झाली? श्रेय पाच कारणांचे असेल, तर अपयशही पाच कारणांचेच असले पाहिजे. विजयात वाटेकरी व्हावयाचे आणि पराभवात खेळाडूला एकटे सोडावयाचे, हा हिशेब प्रामाणिक नव्हे. जगातील अकरावा म्हणजे हरलेला, असे आपण मानू लागलो, तर परीक्षेत अकरावे आलेल्या आपल्या मुलाकडे आपण कोणत्या नजरेने पाहणार?

ज्यांचा विक्रम त्या शाळकरी मुलाने मोडला, त्या पीटर नॉर्मन यांची कथा येथे सांगण्यासारखी आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये ते दोनशे मीटरमध्ये दुसरे आले. पहिले टॉमी स्मिथ आणि तिसरे जॉन कार्लोस या दोन कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंनी पदकप्रदानाच्या वेळी आपल्या समाजावरील अन्यायाच्या निषेधार्थ काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या. गोऱ्या नॉर्मन यांनी त्यांच्या बाजूने मानवी हक्कांचा बिल्ला छातीवर लावला. मायदेशी त्यांच्या वाट्याला उपेक्षा आली. २००६ साली ते वारले, तेव्हा त्यांच्या शवपेटीला खांदा द्यावयास स्मिथ आणि कार्लोस अमेरिकेहून आले. २०१२ साली ऑस्ट्रेलियाच्या संसदेत त्यांच्याविषयी क्षमायाचनेचा ठराव झाला. त्यांचा २०.०६ सेकंदांचा विक्रम टिकला छप्पन्न वर्षे. आज तो एका मुलाने मागे टाकला आहे आणि त्या मुलाचाही विक्रम कधी तरी कोणी मोडीलच. वेग हा असा उसना असतो; पुढच्याच्या हाती देऊन टाकावा लागतो. परंतु त्या दिवशी नॉर्मन यांनी जे केले, ते कोणाला मोडता येत नाही. पाच कारणांच्या ओघात ज्यावर माणसाची सत्ता सर्वांत अधिक चालते, ते त्याचे आचरण होय.

यावरून पालकांनी आणि वडीलधाऱ्यांनी काय घ्यावे? दैव आपल्या हाती नाही. मुलाचा निश्चयही आपण त्याच्या वतीने करू शकत नाही. परंतु अधिष्ठान आणि करण यांचा पुष्कळसा भाग आपल्या हाती आहे. बुधवाऱ्यातील एखाद्या मुलाला किंवा मुलीला धावण्याची ओढ असेल, तर पहाटेची एक तास मोकळीक, वेळेवर दूध-भाकरी, पायात धड बूट आणि जाणत्या माणसाची गाठ घालून देणे, एवढे आपल्याला सहज करता येईल. मुलीच्या बाबतीत 'लोक काय म्हणतील' हा अडथळाही आपणच उभा केलेला असतो, आणि तो स्टीपलचेसच्या अडथळ्यासारखा जागचा हलत नाही. तो आपल्यालाच उचलावा लागतो. इतके करूनही मूल मागे राहिले, तर त्याला टोमणे न मारता जेवावयास वाढावे. आणि पुढे गेले, तर त्याला हे सांगण्यास विसरू नये की, बाळ, तुझ्या वेगात अनेकांचा वाटा आहे. वागणूक मात्र सर्वस्वी तुझी आहे.