फोटोतलं न दिसणारं पाणी

पाण्यातल्या प्रतिबिंबाच्या फोटोला मिळणारी मोठ्यात मोठी दाद ठरलेली आहे : ‘उलटा करून पाहिला तरी कळत नाही!’ वर डोंगर, खाली डोंगर. वर रोहित पक्ष्यांची रांग, खाली तीच रांग. मधे एक सरळ रेघ. दाद देणारा मनापासून देतो आणि घेणाराही सुखावतो. पण या कौतुकाचा अर्थ नीट पाहिला तर असा निघतो की, फोटोत पाणी होतं याची खूणच उरलेली नाही. पाण्याचा जो फोटो सगळ्यांत यशस्वी, त्यात पाणी सगळ्यांत कमी. गुलाबाच्या फोटोत गुलाब दिसत नाही, असं म्हणून कुणी कुणाची पाठ थोपटत नाही. पाण्याच्या वाट्याला मात्र हे कौतुक नेहमी येतं, आणि ते का येतं याचा विचार करायला लागलं की तो कॅमेऱ्यापुरता राहत नाही.

पुण्या-मुंबईच्या हौशी फोटोग्राफरांना भिगवण पाठ असतं. हिवाळा लागला की सोलापूर रस्त्यानं अंधारातच गाड्या निघतात, कुंभारगावच्या काठावर चहा होतो आणि ऊन चढायच्या आत होड्या उजनी धरणाच्या पाण्यात शिरतात. पहाटेच का, याला कारण आहे. जमीन तापली की वारा उठतो, वारा उठला की पाण्यावर सुरकुत्या पडतात आणि आरसा मोडतो. मुरलेला फोटोग्राफर होडीत बसतही नाही. तो आडवा होतो आणि कॅमेरा पाण्याला जवळजवळ टेकवून धरतो. यालाही कारण आहे. पाण्याकडे अगदी सरळ वरून पाहिलं, तर त्यावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम दोन टक्के प्रकाश परत फिरतो, बाकीचा आत शिरतो. नजर पाण्याशी दहा अंशांच्या कोनात आली की सुमारे पस्तीस टक्के परततो, आणि त्याहून खाली जावं तसं पाणी आत काही घेईनासंच होतं. त्यामुळे एकाच होडीतल्या दोन माणसांना एकाच वेळी दोन वेगळी पाणी दिसत असतात. उभं राहून बांबू रेटणाऱ्या होडीवाल्याला पाण्याचा हिरवटपणा दिसतो, जाळ्याची दोरी दिसते, उथळ जागी गाळ दिसतो. आडव्या पडलेल्याला आभाळ दिसतं आणि त्या आभाळात पाय रोवून उभे असलेले पक्षी. दोघांपैकी कुणीही खोटं पाहत नाही. फोटो मात्र एकाच्याच पाण्याचा निघतो.

आरशासाठी आधी थांबलेलं पाणी लागतं, आणि सह्याद्रीच्या अंगाखांद्यावरचं पाणी स्वभावानं थांबणारं नाही. लोणारसारखा अपवाद सोडला, तर आपल्याकडे डोंगरांची प्रतिबिंबं दाखवणारे मोठे जलाशय बहुतेक कुणीतरी केलेले आहेत. आणि लोणारचं सरोवर व्हायलाही आकाशातून उल्का पडावी लागली. महाबळेश्वरचा वेण्णा लेक साताऱ्याच्या छत्रपती आप्पासाहेबांनी १८४२ साली बांधवून घेतला. भंडारदऱ्याच्या ज्या पाण्यात सह्याद्रीची शिखरं उलटी उभी राहतात, ते पाणी प्रवरेवर १९२६ साली पुरं झालेल्या विल्सन धरणानं अडवलेलं आहे. पर्वतीच्या पायथ्याशी नानासाहेब पेशव्यांनी तळं करवून घेतलं, १७८४ साली त्यातल्या बेटावर गणपतीचं देऊळ उभं राहिलं, आणि विसाव्या शतकात तळ्याच्या जागी सारसबाग आली. म्हणजे आरसा बसवणं आणि आरसा काढून घेणं, दोन्ही निर्णय माणसांचे. तरीही या पाण्यांचे फोटो आपण ‘नॅचरल लँडस्केप’ या गटातच स्पर्धेला पाठवतो.

भिगवणचं पाणी तर आणखी अलीकडचं. भीमेवरचं उजनी धरण १९८० साली पुरं झालं. त्याची एकूण क्षमता ११७ टीएमसीच्या घरात, आणि त्यातला निम्म्याहून जास्त, सुमारे ६३ टीएमसी, मृतसाठा. सोलापूर जिल्ह्यात उन्हाळ्याच्या तोंडावर ‘उजनी मायनसमध्ये गेली’ आणि पावसाळ्यात ‘उजनी प्लसमध्ये आली’ असं म्हणतात, ते या मृतसाठ्याच्या रेषेवरून. एकाच्या लेखी हे पाणी म्हणजे उसाच्या पाळीचा हिशेब, दुसऱ्याच्या लेखी शहराचा नळ, तिसऱ्याच्या लेखी चिलापी मासा. आणि ज्यांची शेतं-घरं पाण्याखाली गेली त्यांच्या लेखी ती जुन्या गावावरची चादर. इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव या पाण्यात गेलं. गाव वर, सोलापूर रस्त्यालगत पुन्हा वसलं. पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ मात्र तिथंच राहिलं. पाणी फार खाली गेलं की ते उघडं पडतं, बातम्या येतात, गर्दी होते. त्या गर्दीत फोटोग्राफर असतातच, आणि उरलेल्या उथळ पाण्यात देवळाचं प्रतिबिंब किती छान पडतं हेही त्यांच्या लगेच ध्यानात येतं.

हे काही आपल्यापुरतं नाही. कार्लटन वॉटकिन्स या अमेरिकन फोटोग्राफरनं १८६१ साली कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी खोऱ्यात अवजड कॅमेरा आणि मोठाल्या काचा खेचरांवरून नेल्या. तिथल्या मिरर लेकचे त्याचे फोटो आजही पाहणाऱ्याला थबकवतात. अशा फोटोंमुळे ते खोरं पूर्वेकडच्या पुढाऱ्यांच्या नजरेत भरलं आणि १८६४ साली लिंकनच्या सहीनं ते राखून ठेवण्याचा कायदा झाला. निसर्ग वाचवण्याच्या कामी प्रतिबिंबाचा फोटो आला, त्याचं हे ठळक उदाहरण. पण पुढची हकिकत कमी सांगितली जाते. हे तळं मुळात दरडीनं ओढा अडून झालेलं. ओढ्याच्या वाळूनं ते भरत चाललं. पाहुण्यांसाठी आरसा टिकावा म्हणून माणसांनी त्याला बांध घातला आणि वर्षानुवर्षं वाळू उपसली. हा उपसा १९७१ साली थांबला आणि तळ्याला आपल्या गतीनं कुरण होऊ द्यायचं ठरलं. म्हणजे तिथलं ‘नैसर्गिक’ प्रतिबिंब काही काळ फावड्यानं राखलेलं होतं, आणि खरा निसर्ग पाहायचा तर प्रतिबिंब सोडून द्यावं लागलं.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेनं हीच गोष्ट उघडपणे केली. १८९३ साली त्यानं जिव्हेर्नीच्या आपल्या घरासमोर जमीन घेतली आणि ओढ्याचं पाणी वळवून तळं करायला परवानगी मागितली. गावकऱ्यांनी हरकत घेतली. तळ्यात लावायच्या परक्या वनस्पतींनी आपलं पाणी नासेल, अशी त्यांना धास्ती होती. परवानगी मिळाल्यावर त्यानं तळं केलं, ते नितळ राखायला माळी ठेवले आणि उरलेलं आयुष्य बरंचसं ते तळं रंगवण्यात घालवलं. पण त्याच्या चित्रांत एक फरक आहे. त्यात आभाळ उतरलेलं असतं, विलो झाडं उलटी लोंबत असतात, आणि त्याच वेळी कमळाची पानं पाण्याच्या पृष्ठभागावर सपाट पडलेली असतात. त्या पानांमुळे पाणी गायब होत नाही. आपण नक्की कुठं पाहतो आहोत, वर की खाली, हा प्रश्न ती पानं मिटू देत नाहीत.

पाणी गायब झालं की पहिली फसगत होते ती त्याच्या प्रकृतीबद्दल. शांत आणि चकचकीत पाणी आपल्याला निर्मळ वाटतं. प्रत्यक्षात परावर्तनाचा आणि निर्मळपणाचा काही करार नाही. प्रतिबिंब उठून दिसतं ते आतून कमी प्रकाश येणाऱ्या, काळ्या पाण्यात; मग तो काळेपणा खोलीचा असो की सांडपाण्याचा. सांडपाण्यानं काळवंडलेल्या नदीत पूल आणि मावळतीचे रंग झकास उमटतात. पाण्याचा गुळगुळीतपणाही संशयास्पद असू शकतो. अठराव्या शतकात बेंजामिन फ्रँकलिननं लंडनच्या क्लॅपहॅम कॉमनमधल्या तळ्यावर वारा असताना चमचाभर तेल ओतलं; तेलाचा पापुद्रा पसरत गेला आणि सुमारे अर्धा एकर पाणी सपाट झालं. हा प्रयोग त्यानं १७७४ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला. ज्या तळ्यात तेलकट तवंग आहे ते वाऱ्यातही आरशासारखं राहू शकतं, हा त्याचा आपल्या कामाचा अर्थ. आपण अस्वस्थ होतो ते जलपर्णी पसरून आरसा झाकला गेल्यावर. पण जलपर्णी पोसणारं पाणी त्याआधीही तेच असतं. तेव्हा आपण त्याचे फोटो काढत असतो.

यावर एक रास्त आक्षेप येईल. पहाटे थंडीत कुडकुडत कुणी दोन घटका आनंद घेत असेल, तर त्याच्या प्रत्येक फोटोला विस्थापनाची आणि प्रदूषणाची तळटीप कशाला? सौंदर्याला कैफियत जोडल्याशिवाय चैन पडत नाही, ही तुम्हा लिहिणाऱ्यांची खोड. आक्षेपात तथ्य आहे. उजनीच्या काठच्या मासेमारी करणाऱ्या कुटुंबांतले कितीतरी जण आज पक्ष्यांची नावं सांगतात, कोणत्या बाजूनं होडी नेली तर ऊन पाठीशी राहील हे जाणतात, आणि त्यावर त्यांचं घर चालतं. आरशानं त्यांचं काही बिघडवलेलं नाही, उलट हातभारच लावला आहे. शिवाय दुःख दाखवणारा फोटो आपोआप चांगला होत नाही. मेलेल्या माशांचा फोटोही आळशी असू शकतो. म्हणून माझं म्हणणं विषय बदला असं नाही. प्रतिबिंब काढाच, पण ते पाण्यात पडलं आहे हे विसरू नका, इतकंच आहे. आणि हे केवळ नीतीनं सांगावं लागत नाही. प्रकाशशास्त्रही तेच सांगतं.

कारण खरं प्रतिबिंब ही वरच्या दृश्याची उलटी नक्कल नसतेच. काठावर उभं राहून एखादं झाड आणि त्यामागचा डोंगर पाहावा. वर डोंगराचा माथा झाडावरून डोकावतो. पाण्यात झाड त्याला झाकून टाकतं. कमानीच्या पुलाचं पोट वर दिसत नाही, पाण्यात दिसतं. पक्ष्याची पाठ वर, छातीखालची बाजू खाली. कॅमेरा पाण्यापासून जितक्या उंचीवर आहे, बरोबर तितकाच पाण्याच्या पातळीखाली दुसरा कॅमेरा ठेवला आणि मधलं पाणी नाहीच असं समजलं, तर त्याला जे दिसेल ते प्रतिबिंब. म्हणजे प्रतिबिंब खालून पाहतं. फोटो संपादनाच्या ॲपमध्ये वरचा अर्धा भाग उलटून खाली चिकटवणाऱ्यांची चोरी इथंच पकडली जाते : त्यांच्या पाण्यात पुलाला पोट नसतं, आणि खालचं दृश्य वरच्याइतकंच उजळ असतं, जे साध्या उजेडात खऱ्या पाण्याला जमत नाही. उलटं केलं तरी ओळखू येऊ नये, ही कसोटी खऱ्या प्रतिबिंबापेक्षा बनावटालाच अधिक साजेशी आहे. भिगवणला होडीत आडवं पडून टिपलेल्या प्रत्येक फोटोचा खालचा अर्धा भाग पाण्याच्या आतल्या बाजूनं पाहिलेला असतो. ती नजर बुडालेल्या शेतांच्या खोलीपर्यंत जात नाही हे खरं, पण ती आहे त्यांच्याच बाजूची. हे एकदा कळलं की खालचा भाग शोभेचा राहत नाही. वरून न दिसणारं काय दिसतं हे शोधायला माणूस पुन्हा तिथंच पाहू लागतो.

पाणी चित्रात परत आणायची साधनं आपल्याच बॅगेत आहेत. प्रतिबिंबावर फोकस करायचा तर तो पाण्याच्या पृष्ठभागावर बसत नाही. पाण्यापर्यंतचं आणि तिथून वस्तूपर्यंतचं, असं सगळं अंतर धरावं लागतं. त्यामुळे ॲपर्चर मोठं ठेवलं की डोंगर स्पष्ट येतो आणि तरंगतं पान धूसर होतं, किंवा उलट. दोन्ही राखायचे तर ॲपर्चर लहान करून शटरला वेळ द्यावा लागतो. थोडी गैरसोय सोसली की पान आणि डोंगर एकत्र नांदतात. पाण्याशी साधारण ३७ अंशांच्या कोनात परावर्तित प्रकाश पूर्ण ध्रुवित होतो, हा डेव्हिड ब्रूस्टरनं १८१५ साली मांडलेल्या नियमाचा भाग. त्या कोनात पोलरायझर फिल्टर फिरवला की प्रतिबिंब विरतं आणि पाण्याच्या आतलं वर येतं. फिल्टर पुरा न फिरवता मधेच थांबवला तर आभाळ आणि तळाचे दगड एकाच चौकटीत मावतात. आणि वारा सुटला म्हणून कॅमेरा आवरून ठेवायचंही कारण नाही. तरंगांनी लांबवलेलं, तुकडे झालेलं प्रतिबिंब हे पाण्यानं स्वतः केलेलं काम असतं.

याशिवाय एक काम कॅमेऱ्याबाहेरचं आहे. फोटोखाली ‘शांतता’ किंवा ‘निसर्गाचा आरसा’ लिहिण्याऐवजी ‘उजनी जलाशय, भीमा नदी, कुंभारगाव’ आणि तारीख लिहावी. वॉटकिन्सचा फोटो आज कलाकृती आहे, तसा तो तेव्हा तळं कुठवर होतं याचा कागदही आहे, कारण त्याला जागा आणि काळ चिकटलेला आहे. भिगवणला तर पाण्यात उभे असलेले रोहित स्वतःच मोजपट्टी आहेत. कोणत्या महिन्यात कुठं त्यांच्या पायांना टेकण्याइतकं उथळ पाणी होतं, हे त्या फोटोंच्या ढिगात नोंदलं जातंय, फक्त कुणी नोंद म्हणून ठेवत नाही. धरणाचं नाव लिहिल्यानं पक्ष्यांचा गुलाबी रंग फिका पडत नाही. उलट पाहणारा विचारू लागतो की हे पाणी कुणी थांबवलं, कुठून आलं, कुणासाठी आलं. हे प्रश्न विचारायला लावणारा फोटो कमी सुंदर आहे असं ज्याला वाटत असेल, त्यानं सुंदर या कल्पनेकडूनच फार थोडी अपेक्षा ठेवली आहे.